साकु

जतच्या पुढं रस्ता हळूहळू कन्नड होतो.
आधी मैलाचे दगड, मग एसटीच्या पाट्या,
मग टपरीवरच्या रेडिओतला बाईचा आवाज.
चहा तोच.

माझी गाडी म्हणजे इस्लामपूरच्या शाळेनं मोडीत काढलेली बस.
टेलिफोन खात्यातून सुटले त्या महिन्यात घेतली.
बाकं काढून गादी, शेगडी, पुस्तकांची एक फळी,
मागच्या दारापाशी साठ लिटरची निळी टाकी.
पिवळ्यावर पांढऱ्याचे दोन हात दिलेत,
तरी ऊन तिरपं झालं की ‘सावकाश, मुले उतरतात’ वर येतंच.

तेलसंगच्या अलीकडं पोरांना ते वाचता आलं नसेल,
पण बस ओळखली. धावत आली, खिडकीला लोंबली.
आत उशी बघून एकजण गंभीरपणे मराठीत म्हणाला,
“झोपायची शाळा हाय.”

बेदाण्याच्या शेडपाशी थांबले, एका रात्रीपुरती.
हिरव्या जाळीआड मजल्यावर मजले द्राक्षांचे,
हवेला तेलाचा वास.
“लावा की गाडी, जागा काय खाती?” गुरपादप्पा म्हणाला.
त्याची मराठी जतच्या सासऱ्याकडची.
“घड्याळ आन ही भाषा, दोनच मिळालं लग्नात.
घड्याळ बंद पडलं.”

पाणी मिळेल का, मी विचारलं.
कुणाला किती वाजले विचारावं, तसं.

त्याची नात सुगला घागर घेऊन आली. मग दुसरी. तिसरी.
टाकीच्या तोंडात नरसाळं, आत पाणी घुमत होतं,
त्या आवाजातून तिचा प्रश्न यायचा: “साकु?”
मला ऐकू यायचं, टाकू?
“टाक की,” मी म्हणाले.
तिनं आजीकडं पाहिलं. भौरव्वानं मान हलवली.
पुन्हा घागर. “साकु?”
“टाक गं, टाक.”
काय गुणाची पोर, दरवेळी विचारून टाकते,
असं मनात म्हटल्याचं मला नीट आठवतं.
टाकी भरून थोडं बाहेर सांडलं.
कोंबड्या धावत आल्या.

रात्री भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही.
चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, गुरपादप्पा सांगत होता.
उरलेले तीन किलो कुठं जातात?
त्यानं हातातला तुकडा आभाळाकडं केला.
मग सहज म्हणाला, टँकर आता मंगळवारी.
तो शुक्रवार होता.

आणि साकु म्हणजे?
“पुरं,” म्हणाला, आणि हसायला लागला,
इतका की ठसका लागला,
आणि सुगलानं त्याला तांब्या दिला, अर्धा.

झोप नाही. टाकी पायथ्याशी,
मी कूस बदलली की तीही बदलायची.
तीनच्या सुमाराला उठले, तोटी सोडली,
त्यांच्या पिंपात एक बादली ओतली.
दुसरी भरून वळले तर
भौरव्वा अंथरुणात उठून बसलेली.
काही बोलली नाही. बोलली असती तर मला कळलं नसतं.
जवळ आली, बादली हातातून काढून घेतली,
छातीशी धरून चढली माझ्या बसमध्ये
आणि अंधारातच नरसाळं चाचपून
ओतली परत. थेंब सांडला नाही.

पहिली बादली मात्र पिंपात राहिली.
तेवढी तिनं मला देऊ दिली,
की तिला दिसलीच नव्हती, ठाऊक नाही.

सकाळी कागदात मूठभर बेदाणे.
“होगि बर्री,” सगळे म्हणाले. जाऊन या.
आपणही जाणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाही.

पुढं तीन दिवस तांब्याभर पाण्यात सगळं उरकलं.
ताटली भाकरीनंच पुसली.
चौथ्या दिवशी इंडीजवळच्या पंपावर पोऱ्यानं
टाकीत नळी सोडली. अर्ध्यावर आली तशी
मी मोठ्यानं, जमेल तसं म्हणाले, “साकु!”

पाण्याच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे.
सोलापूरकडचा निघाला.
“टाकतोय की, मावशी,” म्हणाला.